उलंगवाडीनंतरची वाट



आजचा विषय जरा निराळा आहे, पण शेताबाहेरचा नाही.

जानेवारी 2018 मध्ये म्हैसूरचे कृष्णकुमार वडिलांनी घेऊन दिलेल्या जुन्या चेतक स्कूटरवर आईला मागे बसवून तीर्थयात्रेला निघाले. सारे आयुष्य स्वयंपाकघरात गेलेल्या त्या माउलीने जवळपासची देवळेही पाहिली नव्हती. दोघे हजारो किलोमीटर हिंडले. ही हकिगत वाचून आमच्या घरच्या मंडळींनी मला विचारले, "तुम्ही बापलेक शेवटचं कधी बोललात?"

प्रश्न खरा होता. मुलगा सत्तावीस वर्षांचा. दारव्ह्याजवळची आमची शेती तोच पाहतो. त्याला दुसरी बोअर मारायची होती, मी नको म्हणत होतो. ताटावरसुद्धा अबोला. उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटून झाली, तेव्हा मी म्हणालो, "चल, हिवरे बाजार पाहून येऊ. गाडी तू चालव."

पल्ला चारशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्गावर मोटारसायकलला बंदी आहे, म्हणून कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेड राजा, जालना असा जुना रस्ता धरला. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पहाटे साडेचारला निघायचे, अकराच्या आत सावली गाठायची आणि चारनंतर पुन्हा निघायचे, असे ठरवले. हेल्मेट दोघांनाही. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दोन माणसांच्या हिशेबाने हवा भरली. खिशातला कांदा ऊन अडवत नाही, पाणीच लागते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरीच करता येते. डोके दुखू लागले, मळमळले की गाडी थांबवावी. मर्दुमकी दाखवू नये.

पहिल्या दिवशी मेहकरच्या अलीकडे एका निंबाखाली थांबलो. पोराने चेनला तेल सोडले. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "बाबा, पहिल्या बोअरचे पैसे बँकेचे नव्हते. सावकाराकडून आणले. दीड लाख. बोअर कोरडी गेली, म्हणून दुसरी मारतो म्हणत होतो."

मंडळी, साऱ्या तालुक्याला पीककर्जाचे कागद समजावून सांगणारा मी. माझ्याच घरातले कर्ज मला वर्षभर ठाऊक नव्हते! घरी असतो तर रागाने उठून आत गेलो असतो. तिथे आत जायला जागाच नव्हती. एक निंब, एक गाडी आणि चार वाजेपर्यंतचे ऊन. बसलो. हिशेब मांडला. व्याज किती, दिले किती, कागदावर काय लिहून दिले. विचारले, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही सल्ला दिला असता." यावर मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी हिवरे बाजारला पोचलो. पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी उभे केलेले हे गाव. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. तरी तिथल्या विहिरींना पाणी, कारण उतारावरचे पाणी अडवले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवले. शेतीसाठी बोअर मारायला बंदी, ऊस आणि केळीलाही बंदी. पोरगा बराच वेळ एका विहिरीच्या काठाशी उभा होता. मी एक शब्दही बोललो नाही. ते मला फार जड गेले.

परत आल्यावर बोअरचा विषय त्यानेच मिटवला. जुन्या विहिरीजवळ दोन खड्डे घेतले. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. गाळलेले पाणी तळाच्या पाइपाने विहिरीत. शेतातले पहिले गढूळ पाणी मात्र थेट विहिरीत सोडू नये. मृगाच्या आत काम उरकले. कर्ज अजून आहे. पण आता ते दोघांचे आहे. सावकाराकडे परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, हेही ध्यानात ठेवा. 2014 चा कायदा त्यासाठीच आहे.

बंधूंनो, पेरणीपूर्वी दोन दिवस काढा. लांब जमले नाही तर जवळच जा. पोराला गाडी चालवू द्या, आपण मागे बसा. आणि भगिनींनो, पुढच्या उन्हाळ्यात मागची जागा तुमची. आमच्या घरी ते ठरून गेले आहे.