फुटपाथ मागा, पण त्याच्या कामावर नजरही ठेवा

निवडणूक आली की आपल्या मोहल्ल्यात रस्ता, नाली आणि पेव्हर ब्लॉकची आश्वासने मिळतात. फुटपाथ मात्र क्वचितच कुणी मागतो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला तो लागत नाही. ज्यांना लागतो, म्हणजे शाळेला निघालेली मुलगी, काठी टेकत मशिदीकडे जाणारे बुजुर्ग, गोदावरीच्या घाटाकडे पायी निघालेली वारकरी आजी, त्यांचा आवाज नगर परिषदेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात फुटपाथ हा मला शोभेचा नव्हे, इन्साफचा प्रश्न वाटतो.

पण नुसते "फुटपाथ द्या" म्हणून भागणार नाही. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर ते तडकणारच. वरची काळी माती काढून मुरूम आणि खडीचा थर टाकावा लागतो, पाणी मारून तो दाबावा लागतो. काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर सांधे सोडावे लागतात, म्हणजे तडा गेलाच तर तो सांध्यातच जातो. पावसाचे पाणी साचू नये म्हणून नालीकडे थोडा उतार हवा.

हे सारे कागदावर असते. भारतीय मानक ५६ नव्हे, ४५६ क्रमांकाचे. सन २००० च्या या मानकानुसार कोरड्या आणि कडक उन्हात काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवायचे असते. एम-२० काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. प्रत्यक्षात एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस पाणी मारून काम सोडले, किंवा माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचे पाणी ओतले, की ताकद तिथेच जाते. यात इंजिनिअरच हवा असे नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात मिस्त्री आहेत, सेंट्रिंगवाले आहेत. चांगला माल आणि वाईट माल त्यांना नजरेनेच कळतो. ही समज आपण फक्त मजुरीसाठी का वापरावी?

रुंदीचेही माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. मध्येच विजेचा खांब उभा असेल, तर व्हीलचेअरवाल्या माणसाला तो फुटपाथ असून नसल्यासारखाच.

इथे एक अडचणीचा सवाल येतो. फुटपाथ झाला तर आपल्याच हातगाडीवाल्यांना उठवतील, ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय फुटपाथ नाकारणे हा नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत. समिती नीट चालली, तर फुटपाथचा नकाशा काढतानाच गाड्यांची जागा ठरवता येते. आजी आणि फळवाला यांच्यापैकी एकाला निवडायची वेळ येऊ न देणे हेच नियोजनाचे काम आहे.

रस्त्यातला त्रासदायक दगड-काटा बाजूला करणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उखडलेली फरशी आणि उघडी नालीही त्यातच मोजायला हवी.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. वॉर्डात काम सुरू झाले की चार-पाच जणांनी मिळून अंदाजपत्रक आणि चाचणी अहवाल मागावा. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हाच २००५ चा कायदा कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देतो. जाताना घरातल्या मिस्त्रीचाचांना सोबत घ्या, आणि टेप विसरू नका. भांडण करायचे नाही, मोजायचे आणि लिहून ठेवायचे. ठेकेदाराला कुणीतरी बघते आहे हे कळले, की दहाही दिवस पाणी मारले जाण्याची शक्यता वाढते.