तेलगळती : टर्बो बदलण्यापूर्वी

ट्रॅक्टर, मालवाहू टेंपो आणि मासेमारीचा मचवा यांचे धनी सहसा एका ठिकाणी भेटत नाहीत. मीरा रोड व भाईंदरच्या परिसरात मात्र ते एकमेकांचे शेजारी आहेत. २००२ साली येथे महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, भातखाचरे व मिठागरे मागे हटली. तरी उत्तन, पाली व चौक येथील मचवे आजही समुद्रावर जातात. काशीमीरा नाक्यावरून पालघर जिल्ह्यातील व गुजरातेकडील माल मुंबईकडे जातो, आणि खाडीपलीकडे वसई तालुक्यात शेतीची कामे ट्रॅक्टरवर चालतात. या तिघांचे काम डिझेल इंजिनावर अवलंबून आहे, आणि त्या इंजिनावर आता बहुधा टर्बो असतो. त्यामुळे तिघांची एक तक्रारही समान झाली आहे : टर्बोपाशी तेल दिसते.

या तक्रारीवर ठरीव उपाय म्हणजे टर्बो बदलणे. मिस्त्री तसे सुचवितो, धनी मान्य करतो आणि कित्येक हजार रुपये खर्च होतात. पंधरा दिवसांनी तेथेच पुन्हा तेल दिसू लागते. अशा वेळी नव्या टर्बोस दोष दिला जातो. परंतु पुष्कळदा दोष जुन्या टर्बोचाही नव्हता. गळतीचे मूळ शोधल्याशिवाय टर्बोस हात लावू नये, आणि ते शोधण्याची रीत गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक यंत्रधारकास शिकविली पाहिजे. बियाणे व खत यांच्या शिक्षणाइतकेच हे काम आज महत्त्वाचे झाले आहे.

टर्बो ही कल्पना नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाल्याने डिझेल नीट जळते व त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. भारतात ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यामुळे शेतावरही अशी इंजिने वाढत चालली आहेत.

लहान टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. एवढ्या वेगात तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल इंजिनातून बारीक नळीने दाबाखाली येते. परत मात्र ते केवळ आपल्या वजनाने, जाड नळीतून, खाली चेंबरमध्ये उतरते. दांड्याच्या दोन्ही टोकांस रबरी सील नसून धातूची बारीक कडी असतात. तेल आत राहते ते मुख्यतः एका बाजूच्या हवेच्या व दुसऱ्या बाजूच्या धुराच्या दाबामुळे, आणि परतीची वाट मोकळी असल्यामुळे. शेताच्या मोरीत गाळ साचला की पाणी बांधावरून वाहते. तेव्हा कोणी बांध बदलीत नाही, मोरी उपसतो. टर्बोच्या बाबतीतही हाच विचार करावयाचा आहे.

तेलाची परतीची वाट तीन कारणांनी अडते. परतीची नळी चेपलेली किंवा काजळीने भरलेली असते; चेंबरमध्ये तेल खुणेपेक्षा अधिक भरलेले असते; किंवा ब्रीदर तुंबल्याने इंजिनाच्या पोटात हवेचा दाब साचतो आणि तो दाब उतरणाऱ्या तेलास वर रोखून धरतो. चौथे कारण निराळे आहे : एअर फिल्टर धुळीने भरला की हवेच्या चक्राच्या तोंडाशी ओढ निर्माण होते आणि ती तेल बाहेर खेचते. याशिवाय इंजिन विनाकाम दीर्घकाळ मंद चालू ठेवल्यास दोन्ही बाजूंचा दाब कमी राहतो व तेल झिरपते. या सर्व प्रसंगी टर्बो निरोगी असूनही तेल त्याच्यापाशीच दिसते.

शोधाची सुरुवात स्वच्छतेपासून करावी. इंजिन पूर्ण थंड असता तेल व धूळ पुसून, धुवून जागा कोरडी करावी. हवेचे तोंड व विजेच्या जोडण्या झाकून ठेवाव्यात, व इंजिन सुरू करण्यापूर्वी ते झाकण न चुकता काढावे. संशय असलेल्या बाहेरील सांध्यांवर खडूची बारीक भुकटी लावावी. हवेच्या तोंडाजवळ ती लावू नये. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून, बंद करून, निवल्यावर पाहावे. तेल खाली उतरते व पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते; म्हणून जेथे थेंब पडतो ती जागा नव्हे, तर सर्वांत वरची व पुढची ओली जागा ही खरी खूण समजावी. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघालेले तेल टर्बोवर उतरून त्याच्या बुडाशी ठिबकते, हे नेहमी लक्षात ठेवावे. तेल आणणाऱ्या नळीच्या बोल्टाखालील तांब्याचा वायसर, परतीच्या नळीचे पॅकिंग आणि ऑइल फिल्टरचे रबरी कडे यांचीही तपासणी करावी.

बाहेरचे सांधे कोरडे निघाल्यास गेज पट्टीवर तेलाची पातळी, एअर फिल्टर, ब्रीदर व परतीची नळी या क्रमाने पाहावे. इंजिन मंद चालू असता तेल भरावयाचे झाकण जपून सैल करावे. तेथून धूर जोराने फुंकल्यासारखा येत असेल, तर दोष पिस्टनच्या रिंगांकडे असण्याचा संभव अधिक, आणि नवा टर्बो बसवूनही तो जाणार नाही. इंजिन बंद करून हवेची नळी काढावी. टर्बोमध्ये शिरण्यापूर्वीच नळीत तेल असल्यास ते बहुधा ब्रीदरमधून आलेले असते. आत शिरण्याची बाजू कोरडी आणि बाहेर पडण्याच्या बाजूस तेल साचलेले, असे दिसल्यास टर्बोवर संशय घ्यावा. नळीत तेलाचा पुसटसा ओलावा असणे हा दोष नव्हे. धुराच्या बाजूस, टर्बोच्या आधीच्या भागात ओले तेल आढळल्यास ते इंजिनाच्या सिलिंडरमधून येत आहे असे समजावे.

शेवटी दांडा बोटांनी हलवून पाहावा. बाजूस किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण तेलाच्या थरास जागा लागते. परंतु मागेपुढे स्पष्ट हालचाल जाणवली, पाती भिंतीस घासल्याची खूण दिसली किंवा पाते तुटलेले आढळले, तर टर्बो दुरुस्त करणे वा बदलणे हाच उपाय होय. तो बदलताना तेल व ऑइल फिल्टरही बदलावेत, दोन्ही नळ्या साफ कराव्यात किंवा नव्या घ्याव्यात, हवेच्या नळ्यांत व इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढून टाकावे, टर्बोत स्वच्छ तेल घालावे, आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रथम तेलाचा दाब येऊ देऊन मगच इंजिन सुरू करावे. तांब्याचे वायसर दर वेळी नवे वापरावेत. नळीच्या तोंडाशी चिकट सीलंट लावू नये. त्याचा तुकडा सुटून तीच वाट बुजवितो.

गळतीकडे दुर्लक्ष करणेही तितकेच घातक आहे. तेल कमी झाले की प्रथम टर्बो व नंतर क्रँकचे बेअरिंग जळते. हवेच्या वाटेने तेल इंजिनात भरपूर शिरल्यास इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी माणसांनी दूर व्हावे हे प्रथम. हवेचे तोंड सुरक्षितपणे पोचण्याजोगे असल्यास ते सपाट फळीने झाकावे. हात किंवा फडके कधीही लावू नये. तप्त टर्बोवर ठिबकणारे तेल पेंढा व सुके गवत यांजवळ आगीचे कारण होते. समुद्रावर इंजिन बंद पडले तर प्रश्न पैशांचा न राहता खलाशांच्या प्राणांचा होतो. म्हणून मचव्याची तपासणी जून-जुलैच्या पावसाळी बंदीतच उरकून घ्यावी.

यावर असे म्हटले जाते की, हंगामात शोध घेण्यास सवड कोठे आहे? टर्बो बदलला की काम चालू होते. तथापि वर सांगितलेला शोध एका सकाळी पुरा होतो. चुकीचा टर्बो बसविल्यास तोच खोळंबा हंगामात दुसऱ्यांदा सोसावा लागतो. मिस्त्रीच्या प्रामाणिकपणावर येथे शंका नाही. धनी घाई करतो म्हणून मिस्त्री दिसेल तो भाग बदलतो. धन्यानेच “आधी गळतीची जागा दाखवा, मग भाग काढा” असे म्हटले तर दोघांचेही काम सुधारेल. घट्ट तेल किंवा गळती थांबविणारी औषधे ओतून वेळ मारून नेण्याची सवय मात्र सोडावी. तुंबलेली नळी त्यांनी मोकळी होत नाही. आणि टर्बोस त्याच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल लागते.

ट्रॅक्टर खरेदीसाठी शासन अनुदान देते, हे योग्यच आहे. परंतु यंत्र ताब्यात देण्याच्या दिवशी अर्ध्या दिवसाचा देखभालीचा पाठ सक्तीचा का असू नये? अवजारे बँकेच्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक वही ठेवावी. किती तास काम झाले, किती तेल भरले, फिल्टर कधी साफ केला, एवढेच तीत लिहावे. तेलाचा खप वाढू लागला की गळती डोळ्यांस दिसण्यापूर्वी वही ती दाखवील. वाहनचालकासही दोन सवयी लावाव्यात : सुरू केल्यावर थोडा वेळ इंजिनावर भार घालू नये, आणि जड कामानंतर दोन-तीन मिनिटे ते मंद चालवून मगच बंद करावे.

राहिला प्रश्न सांडलेल्या व काढलेल्या तेलाचा. ते शेतात, गटारात किंवा खाडीत सोडू नये. मीरा-भाईंदरची खाडी, तिच्या कडेची तिवरे आणि उरलेली मिठागरे एकाच पाण्यावर जगतात. त्या पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग शेवटी कोळ्याच्या जाळ्याशीच येतो. वापरलेले तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संग्राहकाकडेच द्यावे. गावातील कार्यकर्त्याने त्या संग्राहकाचा पत्ता व तपासणीचा वर दिलेला क्रम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. येत्या हंगामापूर्वी एका सकाळी गावातील सर्व टर्बो इंजिने एकत्र आणून, मिस्त्रीस बोलावून, धन्यांच्या देखत ती तपासून घ्यावीत. त्या एका सकाळीत किती टर्बो विनाकारण बदलले जाणार होते, हे गावास आपोआप कळून येईल.