भुयारातील अस्थी आणि भयकथेचा अवकाश

भूमिगत दफनस्थळ कथेत आले की भय आपोआप निर्माण होते, असा एक समज आपल्याकडील भयकथालेखनात रूढ झालेला दिसतो. एडगर अ‍ॅलन पो याची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ (1846) ही कथा बारकाईने वाचल्यास तो टिकत नाही. तेथील भुयार ही माँट्रेसोर घराण्याची दफनभूमी आहे आणि मद्याचे कोठारही; पूर्वजांच्या अस्थी व पिंपे एकमेकांत मिसळलेली. त्यामुळेच यजमानाने फॉर्च्युनाटोला मद्य चाखावयास तेथे नेणे संशयास्पद वाटत नाही. भिंतींवरील सोऱ्यामुळे पाहुण्याला खोकला येतो, यजमान परत फिरण्याचा आग्रह धरतो आणि त्या आग्रहानेच पाहुणा अधिक आत ओढला जातो. कथानक चालवते ते स्थळच.

पोने याच कथेत पॅरिसच्या भुयारांचा उल्लेख केला आहे. तेथेही आरंभ घरगुतीच होता. 1780 मध्ये दफनभूमीच्या भाराने शेजारच्या घराच्या तळघराची भिंत फुटली. पुढे 1786 पासून अस्थी चुनखडीच्या जुन्या खाणींत हलविण्यात आल्या. (आपल्या भयकथाकारांना कवट्यांची रास आठवते, ते तळघर नाही!)

मराठी लेखक हे भुयार जसेच्या तसे उचलतो, तेव्हा हा गृहव्यवहार मागेच राहतो. शिवाय आपल्याकडे भूमीखालील विवर म्हटले की आळंदी आठवते; ज्ञानेश्वरांच्या 1296 मधील संजीवन समाधीने त्या अंधाराला पावित्र्याचा अर्थ दिला आहे. त्या अर्थाशी झुंजल्याशिवाय मराठी कथेतील भुयार भयावह होणे कठीण. अशी झुंज घेणारी कथा अद्याप माझ्या वाचनात आलेली नाही.