विश्लेषण : डोंगर संपला की पक्ष्यांनी जायचे कुठे?

उन्हाचा तडाखा वाढला की नागपूरच्या प्रतापनगरातली कुटुंबे चिखलदरा गाठतात. साधारण ११०० मीटर उंचीवर हवा थंड असते. तापमान वाढते तसे जगभर डोंगरातले पक्षीही वर सरकत आहेत. पण माथ्यानंतर त्यांच्यासाठी जागा उरत नाही.

नेमके काय घडते?
उंचीनुसार हवा, झाडे आणि कीटक बदलतात. त्याप्रमाणे पक्ष्यांचे पट्टे ठरतात. पेरूमधील एका डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची नोंद झाली होती. २०१७ मध्ये त्याच वाटांवर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा माथ्याजवळचे काही पक्षी आढळलेच नाहीत.

सातपुड्याची अडचण कोणती?
हिमालयात वर सरकायला बरीच जागा आहे. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड मात्र जेमतेम १३५० मीटर. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना आडवे सरकण्याचाच पर्याय उरतो. त्यासाठी जंगल सलग हवे. रस्ते आणि शेतीने त्याचे तुकडे झाले, की हीही वाट बंद होते.

रानपिंगळ्याचा धडा काय?
सातपुड्याच्या जंगलातले हे छोटे घुबड १८८४ नंतर दिसेनासे झाले. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी केलेली बनवाबनवी निघाला. त्या खोट्या नोंदीने शोध चुकीच्या जागी नेला. जुन्या खऱ्या नमुन्यांचा माग काढत पामेला रासमुसेन व सहकारी शहाद्याजवळ पोहोचले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी रानपिंगळा सापडला. मेळघाट आज त्याचा मोठा आधार आहे. तरीही तो संकटग्रस्तच आहे.

बदल ओळखायचा कसा?
तीच जागा, तोच हंगाम, तीच पद्धत आणि वर्षानुवर्षांची प्रामाणिक नोंद. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला, तो हजारो हौशी निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या नोंदींच्या आधारे. त्यात १७८ प्रजातींना तातडीच्या संवर्धनाची गरज असल्याचे दिसले.

पुढे काय?
चिखलदऱ्याच्या सहलीत केलेली तासाभराची यादीही उपयोगाची ठरते. दिसलेल्या सर्व पक्ष्यांची नोंद केली, तर कोणता पक्षी दिसला नाही हेही कळते. वीस वर्षांनी तुलना करायला आजची यादी हाताशी असावी लागेल.