हौसेची वर्गणी आणि रोलरचा खर्च

हौसेला मोल नाही, असे आपण लग्नकार्यात म्हणतो आणि पुढच्या महिन्यात पासबुक उघडून बसतो. पुण्यातल्या हौशी टेनिसपटूंवर सध्या अशीच वेळ आली आहे. टेनिसपटू म्हणजे कोणी पेस-भूपती नव्हेत. सकाळी साडेसहाला गुडघ्याला पट्टा बांधून कोर्टावर उतरणारे, आठला घरी येऊन पोहे खाणारे आणि नऊला कामाला लागणारे डॉक्टर, अभियंते, दुकानदार, निवृत्त लष्करी अधिकारी अशी ही मंडळी. शनिवार-रविवारी वयोगटाप्रमाणे दुहेरीचे सामने खेळावेत, हरल्यास जोडीदाराला आणि जिंकल्यास स्वतःला श्रेय द्यावे, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. पण या लीगची वर्गणी वर्षागणिक चढते आहे आणि घरोघरी, विशेषतः स्वयंपाकघराच्या बाजूने, प्रश्न येतो आहे : एवढे पैसे मोजायचे ते नेमके कशासाठी?

प्रश्न फुटकळ वाटेल. ज्या शहरात शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल यांनी माणूस वाकला आहे, तिथे टेनिसच्या वर्गणीची चिंता कोणी करावी? परंतु खडकीत राहणाऱ्याला हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने दिसतो. मैदानाचा खर्च कोणी सोसायचा आणि मैदानावर कोणाला येऊ द्यायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. या छावणीच्या गावाने त्याची दोन्ही उत्तरे पाहिली आहेत.

थोडे मागे जाऊ. जाळीवरच्या खेळांशी पुण्याचे नाते जुने आहे. बॅडमिंटनचे पहिले लेखी नियम १८७३ च्या सुमारास पुण्यातल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी बांधले, असे सांगितले जाते. त्या खेळाचे एक नावच मुळी ‘पूना’ होते. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, मेजर विंगफील्डने इंग्लंडात लॉन टेनिसचे पेटंट घेतले. १८७७ मध्ये विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, ती का? तर क्लबचा घोड्याने ओढायचा रोलर नादुरुस्त झाला होता आणि दुरुस्तीला पैसे हवे होते. बावीस खेळाडूंनी प्रत्येकी एक गिनी प्रवेश फी भरली. अंतिम सामना पाहायला आलेल्यांनी एकेक शिलिंग मोजला. आज ज्या स्पर्धेकडे सारे जग डोळे लावून बसते, तिचा जन्म असा वर्गणीतून झाला. फी आकारणे हे काही पाप नव्हे. मात्र त्या फीमागे एक रोलर होता, हे विसरू नये.

आपल्याकडेही वर्गणीनेच मैदाने उभी राहिली. पी.वाय.सी. हिंदू जिमखाना १९०० चा, डेक्कन जिमखाना १९०६ चा. गोऱ्यांच्या क्लबांत काळ्या माणसाला दार बंद होते, तेव्हा पुणेकरांनी पदरचे पैसे घालून स्वतःची मैदाने केली. वाचनालय असो की गणेशोत्सव, चारचौघांनी वर्गणी काढून संस्था उभारायची ही या शहराची जुनी रीत आहे. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला क्रीडानगरी झाली. २०१८ ते २०२३ या काळात तिथे महाराष्ट्र ओपन ही एटीपीची स्पर्धा भरली. जगातले नावाजलेले खेळाडू डोळ्यांसमोर दिसले, की चाळिशीतल्या माणसाच्याही मनगटाला खाज सुटते.

आता हिशेब. बँकेत कर्जाचे अर्ज वाचताना एक सवय लागते : बेरीज शेवटी पाहायची, आधी खर्चाची फोड. समजा, एका लीगची वर्गणी सहा हजार रुपये आहे. आठ सामने, प्रत्येकी दीड तासाचे. म्हणजे बारा तास. तासाला पाचशे रुपये पडले. आता आयोजकाला विचारा, यात टी-शर्ट, फलक, करंडक आणि समारोपाचे जेवण कितीचे? समजा दोन हजारांचे. ते वजा करता चार हजार उरले. तासाला ३३३ रुपये. दुहेरीत कोर्टावर चौघे असतात, म्हणजे एका तासाला कोर्टाच्या नावावर सुमारे तेराशे रुपये जमा झाले. आपल्या भागात कोर्टाचे तासाचे भाडे काय, दिव्याचे वेगळे किती, चेंडूंच्या डब्याची किंमत काय, हे दोन दूरध्वनींत कळते. आकडे जवळपास जुळले, तर आयोजक सरळ माणूस आहे. निम्म्याहून अधिक तफावत निघाली, तर आपण टेनिसची वर्गणी भरत नसून चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला पुरवीत आहोत, असे समजावे.

आयोजकाची बाजूही ऐकली पाहिजे. टेनिसचा चेंडू हवेच्या दाबावर उसळतो. डबा फुटला की दाब उतरू लागतो आणि काही दिवसांत चेंडू मरगळतो. त्यात काटकसर करायची म्हणजे सामन्याची मजा घालवायची. मातीच्या कोर्टाला रोज पाणी, रोज रोलर. सिमेंटच्या कोर्टाचा वरचा थर काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने उघड्या कोर्टावर खेळाची शाश्वती नसते, पण कोर्टाची निगा राखणाऱ्या माणसाला बारा महिने पोट असते. आठ महिन्यांच्या कमाईत वर्षाचा खर्च भागवायचा, तर तासाचा दर चढणारच.

शिवाय कर आहे. क्लबांच्या वर्गणीवर सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. क्लब आणि सभासद हे कायद्याने वेगळे मानावेत, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने झाली. गंमत अशी, की २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आरशासमोर एकट्याने वजने उचलणाऱ्याला सरकारने सवलत दिली. चौघांनी मिळून क्लबात खेळणाऱ्याला मात्र दिली नाही. वाचकांना एक सूचना : वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही. म्हणून कुणी कराचे नाव सांगून पैसे मागितले, तर नोंदणी क्रमांक असलेली पावती जरूर मागावी.

एवढे करून हा खर्च फळाला येतो का? कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार माणसांवर पंचवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बैठ्या माणसांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य ९.७ वर्षांनी अधिक आढळले, बॅडमिंटनवाल्यांचे ६.२, धावणाऱ्यांचे ३.२ आणि व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे दीड वर्षाने. यावरून रॅकेट हे अमृत आहे, असे कोणी समजू नये. टेनिस खेळणारा माणूस मुळातच खाऊनपिऊन सुखी असतो, हेही आयुष्य वाढण्याचे कारण असू शकते. संशोधकांनी शिक्षण-उत्पन्नाचा फरक हिशेबात धरला असला, तरी असली शंका पुरती फिटत नाही. मात्र ज्या खेळांना दुसरा माणूस लागतो, ते या यादीत वर दिसतात. साठीनंतर औषधाच्या गोळीपेक्षाही ‘उद्या येताय ना?’ असे विचारणारा कोणी असणे मोलाचे असते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

पण येताय ना, याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये व्यायामशाळांच्या सभासदांचा हिशेब मांडला. मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एक खेप सतरा डॉलरहून अधिक पडत होती. दहा खेपांचा पास घेऊन गेले असते, तर दहाच डॉलर पडले असते. वर्गणी भरली की व्यायाम झाला, अशी आपल्या मनाची समजूत असते. वरच्या उदाहरणात आठांपैकी तीन सामने लग्न, मुंज आणि आळस यांत गेले, तर तासाचा भाव पाचशेवरून आठशेवर जातो. तेव्हा वर्गणी परवडते का, हे पाकिटाआधी कॅलेंडरला विचारावे.

इथवर झाला तो खिशाचा विचार. खडकीचे दुसरे उत्तर याहून मोठे आहे. धनराज पिल्ले या गावात १९६८ साली जन्मला. त्याचे वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. आयुध कारखान्याच्या वसाहतीतल्या मातीच्या मैदानावर, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हा मुलगा खेळला आणि चार ऑलिंपिकांत देशाकडून उतरला. त्या मैदानाच्या दारात कोणी पावतीपुस्तक घेऊन बसला असता, तर भारतीय हॉकीचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. ते मैदान फुकट होते, म्हणजे त्याला खर्च नव्हता असे नाही. तो खर्च कारखाना उचलीत होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कंपनीच्या ताळेबंदात मैदानाचा खर्च दिसतो, उत्पन्न मात्र दिसत नाही. कारण धनराज कोणत्या रकान्यात मांडायचा, हे कुठल्याही हिशेबनिसाला शिकवलेले नसते.

म्हणून हौशी लीगच्या वर्गणीला माझा विरोध नाही. फक्त दोन अटी आहेत. पहिली अशी, की फोड सूचनाफलकावर लावावी : कोर्ट, चेंडू, दिवे, माळ्याचा पगार, बाकीचे. टी-शर्ट आणि जेवण ज्याला हवे, त्याने वेगळे पैसे भरून घ्यावे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने, किंवा घरचे सांभाळून जेमतेम वेळ काढणाऱ्या गृहिणीने दुसऱ्याच्या करंडकाचा भार का उचलावा? दुसरी अट थोडी अवघड आहे. दुपारी रिकामी पडलेली कोर्टे आठवड्यातून काही तास वस्तीतल्या मुलांना मोफत द्यावीत. रॅकेटे जुनी चालतील आणि सामन्यातून निवृत्त झालेले चेंडूही चालतील. सभासदांचे चेंडू गोळा करून देणारा मुलगा जाळीच्या या बाजूला कधीच उभा राहणार नसेल, तर आपली वर्गणी कितीही वाजवी असली, तरी ती मैदानाची वर्गणी न राहता कुंपणाची होते.

या दोन अटी पाळणारा आयोजक वर्गणी थोडी वाढवून मागत असेल, तर घासाघीस न करता द्यावी. रोलर ओढायला शेवटी कोणी तरी लागतेच.