ई-मेलचा प्रोग्राम निवडताना व्यापाऱ्याने काय पाहावे?

मालेगावात आमचा कोऱ्या कापडाचा व्यापार आहे. दुकानाचा बराचसा पत्रव्यवहार आम्ही रात्री घरच्या संगणकावरच उरकतो. त्यामुळे व्यापारी बांधव आम्हास नेहमी विचारतात की, ई-मेलसाठी कोणता प्रोग्राम घ्यावा? घरातील मुले म्हणतात, कोणताही घ्या, सगळे सारखेच. आम्हास हे मान्य नाही. वही दिसायला कशी आहे यापेक्षा ती कोणाच्या कपाटात राहते, हे व्यापाऱ्याने आधी पाहिले पाहिजे.

आम्ही हे ठोकर खाऊन शिकलो. 2006 साली पालीच्या एका पार्टीने कापडाचा पन्ना कमी भरला म्हणून बिलातून मोठी रक्कम कापली. पन्ना किती ठरला, हे त्यांनी स्वतःच ई-मेलने कळविले होते. परंतु त्याच महिन्यात आमचा संगणक बिघडला होता आणि दुरुस्तीस आलेल्या मुलाने न विचारता सगळी डिस्क साफ करून विंडोज नव्याने टाकली होती. आमची पत्रे सी ड्राइव्हमधील एका लपलेल्या फोल्डरात होती, हे नंतर कळले. सर्व्हरवर शोधले, तर तेथेही काही नाही. आमचे खाते पॉप पद्धतीचे होते. या पद्धतीत प्रोग्राम पत्र उतरवून घेतो आणि प्रत ठेवण्याची सूचना दिलेली नसेल, तर सर्व्हरवरचे पत्र पुसून टाकतो. रक्कम गेली ती गेलीच, पण अब्बांच्या वेळेपासूनचा व्यवहारही तुटला.

आता बहुतेक खाती आयमॅप पद्धतीने चालतात. पत्र सर्व्हरवर राहते, घरी, दुकानात व मोबाइलवर तेच दिसते. सोय चांगली आहे; मात्र चिरंजीवांनी मोबाइलवर जागा करण्यासाठी पत्र पुसले, तर ते घरच्या संगणकावरूनही जाते! म्हणून आयमॅप असले तरी वेगळी नक्कल हवीच.

प्रोग्रामही कायमचे नसतात. विंडोज 98 व एक्सपीबरोबर आउटलुक एक्सप्रेस फुकट येत असे, म्हणून आम्ही सर्वांनी तोच वापरला. व्हिस्टामध्ये तो राहिला नाही. पुढे विंडोज लाइव्ह मेल आला, त्याचा आधार जानेवारी 2017 मध्ये संपला. विंडोज 10 मधील मेल नावाचा प्रोग्रामही 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला. भाड्याच्या वखारीप्रमाणे दर वेळी गाठोडी उचलून दुसरीकडे जायचे. त्यात आउटलुक एक्सप्रेसची गाठोडी अशा गाठीची की दुसऱ्या प्रोग्रामात ती सहज उघडत नसत. उलट युडोरा हा जुना प्रोग्राम पत्रे साध्या मजकुराच्या फायलीत ठेवी; तो बंद पडला तरी पत्रे वाचता येत.

याच कारणाने आम्ही थंडरबर्ड पसंत केला. 2004 पासून तो चालू आहे, पैसे लागत नाहीत आणि पत्रे एमबॉक्स या साध्या पद्धतीच्या फायलीत राहतात. मुलांना तो जुनाट वाटतो, आणि सेटिंग्जचा पसारा आम्हासही आवडत नाही. नवे आउटलुक देखणे आहे, पण त्यात जीमेलचे खाते जोडले की पत्रांची नक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. ज्याला हे चालते त्याने खुशाल घ्यावे, परंतु जाणून घ्यावे. नुसत्या ब्राउझरमध्ये जीमेल पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल पुसू शकते.

एक खबरदारी पैशांची. ओळखीच्या पार्टीच्या नावाने पत्र येते, "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी." नाव तेच, पत्त्यात एक अक्षर वेगळे. काही प्रोग्राम फक्त नाव दाखवितात. पूर्ण पत्ता दिसेल अशी सोय चालू करावी, आणि तरीही फोन केल्याशिवाय रक्कम भरू नये.

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी आणखी एक पाहावे. पूर्वी उर्दू पत्र पाठवायचे तर त्याचे चित्र करून जोडावे लागे, आणि मराठी पत्र दुसऱ्याकडे तोच फाँट नसला तर अक्षरांची खिचडी होऊन उघडे. युनिकोडने ती अडचण गेली. तरी प्रोग्राम पक्का करण्याआधी एक उर्दू व एक मराठी पत्र स्वतःलाच पाठवावे. उर्दूची ओळ उजवीकडून नीट येते का, हे लगेच दिसते.

जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात, आणि आता निम्मी बिले ई-मेलनेच येतात. जुम्म्याला माग बंद असतात. त्या दिवशी दुपारी आम्ही थंडरबर्ड बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवितो आणि ती डिस्क दुकानाच्या तिजोरीत ठेवतो. संगणक घरी, डिस्क दुकानात. दुरुस्तीवाला आला की आम्ही आता स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसतो.