खरा परका दाराबाहेरच

दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या नागरिकांचा दिवाणी दावा अमेरिकेत फेडरल कोर्टात चालू शकतो, ही सोय १७८९ पासूनची. स्थानिक न्यायाधीश आणि ज्युरी गाववाल्याकडे झुकतील, ही त्यामागची भीती. आज रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर हवी आणि कोणत्याही वादीचे राज्य कोणत्याही प्रतिवादीच्या राज्याशी जुळता कामा नये.

पेनसिल्व्हेनियात रात्री रुळाच्या कडेच्या पायवाटेने घरी निघालेल्या हॅरी टॉम्पकिन्सने जाणाऱ्या मालगाडीच्या फटक्यात हात गमावला. त्याच्या राज्याचा कायदा अशा वाटसरूला घुसखोर मानणारा. म्हणून त्याने इरी रेल्वेला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात खेचले. तिथे निराळा नियम चाले; ज्युरीने ३० हजार डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये तो निकाल फिरवला. अशा दाव्यात कायदा राज्याचाच लागेल, असे बजावले. टॉम्पकिन्सवर ते फार कठोर झाले, तरी तत्त्व रास्तच होते. कोर्ट बदलले म्हणून हक्क बदलू नयेत. मात्र त्यानंतर या सोयीला परक्याचे संरक्षण हाच खरा आधार उरतो.

त्या कसोटीवर आजची व्यवस्था उतरत नाही. हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीची १,६०६ पैकी २७३ केंद्रे कॅलिफोर्नियात होती. तरी मुख्यालय न्यू जर्सीत, म्हणून २०१० मध्ये ती कॅलिफोर्नियात परकी ठरली. गल्लोगल्ली दुकान मांडणाऱ्या कंपनीला स्थानिक ज्युरीची कसली भीती?

उलट, अमेरिकन नागरिकत्व घेऊन पुण्यात कायमचा परतलेला माणूस पाहा. टेक्सासमधल्या घराच्या व्यवहारात तिथल्या रहिवाशाने त्याला फसवले, तर निव्वळ राज्यभिन्नतेच्या आधारावर त्याला फेडरल कोर्टात जाता येत नाही. तो अमेरिकेचा नागरिक, म्हणून परदेशी नव्हे. राहतो परदेशात, म्हणून कोणत्याच राज्याचा नव्हे. त्याच्याच सोसायटीतला भारतीय पासपोर्टवाला शेजारी अशाच व्यवहारात त्या कोर्टात जाऊ शकतो! सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये व्हेनेझुएलावासी अमेरिकन नागरिकाबाबत हाच अर्थ कायम ठेवला. परतलेल्या मराठी कुटुंबांनाही हा नियम लागू आहे.

ही विसंगती दूर करायला राज्यघटनेला हात लावण्याचीही गरज दिसत नाही. परदेशस्थ नागरिकाला या दाव्यांपुरते त्याच्या शेवटच्या वास्तव्याच्या राज्याचा मानावे आणि ज्या राज्यात कंपनीचा मोठा व्यवसाय आहे, तिथे तिला स्थानिक धरावे. अमेरिकी काँग्रेसने हे दोन्ही बदल एकाच विधेयकात करावेत.